अरायव्हलची गाडी

दुबईत आजवर जेवढी मराठी माणसं विमानातून उतरली, त्यांतल्या निम्म्यांना तरी माझ्या बायकोच्या मामांनी स्वतःच्या गाडीतून घरी पोचवलं आहे. हे विधान खुद्द मामांचं आहे, म्हणजे त्यात थोडी भर असणारच. पण मला इथे येऊन इतकी वर्षं झाली, मामांच्या गाडीत एकदाही न बसलेला जुना मराठी माणूस शोधूनही सापडलेला नाही. मामांना ओळख लागत नसे. कुणाच्या तरी चुलत मेव्हण्याचा शेजारी नोकरीवर रुजू व्हायला येतोय, एवढं कानावर पडलं तरी पुरे. मामा त्या दिवशी अर्धी रजा टाकत, दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालत आणि विमान उतरायच्या तासभर आधी अरायव्हलच्या कठड्याला टेकून उभे राहत. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पाहुण्याचं नाव ठळक मराठी अक्षरांत, आणि नावापुढे न चुकता 'राव'. इंग्रजी-अरबी पाट्यांच्या त्या गर्दीत आपलं नाव मराठीत दिसलं की पहिल्यांदाच परदेशात आलेल्या माणसाचा अर्धा घाम तिथेच सुकायचा. उरलेला अर्धा गाडीतल्या एसीत सुकायचा.

ती गाडी हे एक प्रकरणच होतं. अमेरिकन, आठ सिलिंडरची, चिंचगुळाच्या आमटीच्या रंगाची आणि लांबीला एवढी की ऊद मेथातल्या त्यांच्या इमारतीखाली लावली की नाक पार्किंगमध्ये आणि शेपूट रस्त्यावर. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन इंजिनियरकडून मामांनी ती जुनीच घेतली होती, आणि घेतल्यापासून स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. एकदा पार्किंगच्या माणसानं वायपरखाली दंडाची चिठ्ठी अडकवली. मामा तसेच लुंगीवर खाली धावले. "हबीबी, गाडी बडी नहीं है," ते त्याला समजावू लागले, "तुम्हारा लाइन छोटा है. ये लाइन जपानी गाडी के हिसाब से मारा है." तो पठाण गृहस्थ दहा मिनिटं शांतपणे ऐकत राहिला. मग त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "गाडी अच्छा है, चाचा. लेकिन दो सौ दिरहम." "दोनशे म्हणजे अडीच हजार रुपये!" मामी बाल्कनीतून ओरडल्या. मामांनी दंड भरला. पुढे वर्षभर ही हकीकत ते सगळ्यांना सांगत, पण पठाणाच्या बोलण्यातलं फक्त पहिलं वाक्य सांगत.

गाडी ज्या कंपनीची होती तिचं नाव मी इथे घेत नाही, कारण मामाही ते कधी घेत नसत. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या ज्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं, टॉवरांना लागणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा स्टोअर सांभाळला, त्याला ते नुसतं 'फॅक्टरी' म्हणत. आणि ज्या कंपनीनं त्यांना जन्मात कधी एक पैसा पगार दिला नव्हता, ती 'आमची कंपनी'. नव्या माणसाचा त्यामुळे हमखास गोंधळ व्हायचा. आमच्या कंपनीनं यंदा नवं मॉडेल काढलंय, असं मामा अशा काही सुरात सांगत, की ते मॉडेल काढण्याआधी अमेरिकेतून एक फोन त्यांना येऊन गेला असावा असं वाटे. माझ्या छोट्या जपानी गाडीला ते 'डबा' म्हणत. तिची चौकशी मात्र आजारी माणसाची करावी तशी अगदी आपुलकीनं करत. "डबा कसा आहे जावईबापू? चालतोय ना?"

कंपनीचा इतिहास हे त्यांचं खास दालन. तो त्यांनी रस्त्याच्या टप्प्यांवर बसवला होता, आणि मी आलो त्या दिवशी तो मलाही पहिल्यापासून ऐकावा लागला. माझ्या लग्नाला तेव्हा चारच महिने झाले होते, बायको मागाहून यायची होती, आणि हे कपाळाला गंध लावलेले गृहस्थ मला घोडागाड्यांविषयी सांगत होते. विमानतळ ते क्लॉक टॉवर एवढ्या अंतरात कंपनीचा जन्म होई. तिचा संस्थापक मूळचा घोडागाड्यांचा कारखानदार. त्याला मोटारीचा आवाज आणि वास दोन्ही आवडत नसत, तरी काळ ओळखून त्यानं छोटे छोटे मोटारवाले विकत घेऊन एका दावणीला बांधले. खाडीवरचा पूल येईस्तोवर त्याच्याच कंपनीनं त्याला दोनदा बाहेर काढलेलं असे. "दोनदा!" मामा आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाले. "तुमची तर ही पहिलीच नोकरी आहे. घाबरता काय?" पुलावर मोटारीचं हँडल जाई. त्याआधी गाडी सुरू करायला पुढे उभं राहून हँडल मारावं लागे, माणसांचे हात मोडत, ते हँडल घालवून कंपनीनं बटणावर सुरू होणारी गाडी आणली आणि मग बायकाही मोटारी चालवू लागल्या. हे सांगताना मामा दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून हँडल मारून दाखवत. नेमकं पुलावर. पुलापलीकडे मग प्रत्येक खिशाला एक गाडी. कारकुनाला वेगळी, डॉक्टरला वेगळी, शेठजींना वेगळी. माणसाचा पगार वाढला तरी तो कंपनीच्या बाहेर जायला नको. ऊद मेथाला उतरणाऱ्या माणसाच्या वाट्याला जुन्या मोठ्या मंदीपर्यंतचाच इतिहास येई. पुढे राहणाऱ्याला महायुद्ध मिळे, युद्धानंतर गाड्यांना फुटलेले माशासारखे पर मिळत. दूर डोंगरांपलीकडे फुजैराला जाणाऱ्याला सगळा इतिहास ऐकवूनही डोंगर उरत, म्हणून मामा पुन्हा घोडागाड्यांपासून सुरू करत.

कदम हा त्यांचा लाडका श्रोता. राजापूरकडचा फिटर, इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कामगारांच्या वसाहतीत राहायला निघालेला. त्याला आणायला मीही गेलो होतो. मांडीवर घट्ट धरलेली पिशवी घेऊन तो मागच्या सीटवर बसला, ते थेट वसाहतीच्या फाटकापर्यंत हूं की चूं केलं नाही. मामा महायुद्धातून बाहेर आले तेव्हा तो घोरत होता. "काय, कसं वाटलं?" मामांनी उतरताना विचारलं. कदम ओशाळला. "काका, माफी करा. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. गाडीत झोप एवढी बेस लागली, की घरच्या खाटेवर पण लागत नाय." मामांनी त्याला मिठीच मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा जावईबापू, एवढे इंजिनियर आणले मी या गाडीतून, पण सस्पेन्शन कळलं ते ह्या एका माणसाला."

हे वेड आलं कुठून, ते कळायला मामांच्या घरी जावं लागे. त्यांच्या बैठकीत एक जुना देव्हारा होता, साध्या पाइन लाकडाचा, मुंबईहून आणलेला. देव बाजूला सरकवले की मागच्या फळीवर काळ्या रंगाची इंग्रजी अक्षरं दिसत, अर्धीमुर्धी आणि उलटी. ते कंपनीचं नाव. मामांचे वडील शिवडीला कंपनीच्या कारखान्यात होते. गाड्यांचे भाग जहाजानं खोक्यांतून यायचे आणि शिवडीला जोडले जायचे. मामांचे वडील दारं बसवत. खोक्यांचं लाकूड कामगार घरी नेत. कुणी त्याचं फडताळ केलं, कुणी पाळणा, मामांच्या वडिलांनी देव्हारा केला. लहानपणी मामा हात जोडून उभे राहत ते त्या अक्षरांसमोर. ते देवाचंच इंग्रजी नाव आहे, अशी शाळेत जाईपर्यंत त्यांची समजूत होती, आणि मला विचाराल तर ती पुढेही फारशी बदलली नाही.

"दार कसं लागतं त्यावर गाडी कळते," वडील सांगत. ते डोळे मिटून दार लावत आणि आवाज ऐकत. 'धप्प' असा आला पाहिजे, खणखण किंवा फडफड आली की दार पुन्हा काढायचं. अशी हजारो दारं त्यांनी बसवली. पण त्यांतल्या एकाही गाडीत मागच्या सीटवर बसून, कुणीतरी बाहेरून अदबीनं दार लावतंय, हा अनुभव त्यांना मिळाला नाही. पुढे कंपनी शिवडीहून गेली आणि काही वर्षांनी वडीलही गेले. मामांना हे लागून राहिलं होतं. म्हणून ते नव्या माणसाला कधी पुढे बसवत नसत. त्याला मागे बसवायचं, बॅग स्वतः उचलायची आणि मग दार स्वतःच्या हातानं बाहेरून लावायचं. धप्प. त्या आवाजाबरोबर मामांचा चेहरा असा काही शांत होई की मागे बसलेल्या माणसाला वाटावं, आपण कुणीतरी मोठे आहोत. मलाही वाटलं होतं. माझी मुलगी सहा वर्षांची असताना त्यांना म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट अ कार." मामा हसले आणि म्हणाले, "बेटा, कुठलीच गोष्ट जस्ट नसते." तिला ते कळलं नाही, मलाही तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

आता त्यांच्या सगळ्यांत चमत्कारिक नियमाकडे येतो. ही गाडी फक्त अरायव्हलला जायची. डिपार्चरला नाही. माणूस आणायला मामा अपरात्रीही गेले असते, पण सोडायला म्हटलं की हात जोडत. माझ्या सासूबाई, म्हणजे मामांची सख्खी मोठी बहीण, दोन महिने राहून परत निघाल्या तेव्हा मी हा तमाशा स्वतः पाहिला. चार बॅगा, गुडघेदुखी, आणि दारात उभी असलेली एवढी मोठी गाडी. मामांनी टॅक्सी बोलावली. "अरे, मेल्या, माझ्या एकटीसाठी टॅक्सी? आणि तू कुठे चाललास?" "मी तुझ्या मागोमागच येतोय, ताई," मामा म्हणाले. आणि खरोखरच, पुढे टॅक्सीत सासूबाई आणि बॅगा, मागे मामांची भलीमोठी रिकामी गाडी, अशी वरात विमानतळापर्यंत गेली. डिपार्चरचा चढ जिथे सुरू होतो तिथे मामा बाजूला थांबले, दोनदा हॉर्न वाजवला आणि वळले. सासूबाई पुढे सहा महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. कारण मला मामींनी सांगितलं, तेही मामा घरात नसताना. गाडी घेतली त्या वर्षी मामांची आई इथे येऊन राहिली होती. जाताना मामांनी तिला ह्याच गाडीतून सोडलं, आणि पुढच्या सुट्टीपर्यंत ती उरली नाही. "तेव्हापासनं गाडी डिपार्चरला गेली नाही," मामी म्हणाल्या. "ही गाडी ज्याला सोडते तो परत भेटत नाही, असं डोक्यात घेतलंय ह्यांनी. तुम्ही विचारू नका."

आणि मग ती मंदी आली. दोन हजार आठच्या हिवाळ्यात क्रेनी जागच्या जागी थांबल्या, निम्मे चढलेले टॉवर निम्मेच राहिले. ज्या टॉवरांना भिंतीच नाहीत त्यांना खिडक्या कोण घेणार? मामांच्या फॅक्टरीत तयार चौकटींच्या थप्प्या छपरापर्यंत गेल्या. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर आवरायचं, एवढं साधं गणित आहे. आणि मामा साठीला टेकलेले, म्हणजे हा व्हिसा गेला तर ह्या वयात दुसरा कुणी देणार नव्हतं. आम्ही सगळे धास्तावलो होतो. मामाही धास्तावले होते, पण त्यांची काळजी वेगळीच होती. अमेरिकेत कंपनी बुडायला आली होती. रोज सकाळी ते पेपर उघडत आणि घरात आजारी माणूस असल्यासारखं हळू आवाजात विचारत, "आज काय म्हणतायत?" कंपनीची साहेब मंडळी सरकारकडे मदत मागायला खासगी विमानानं गेली, ही बातमी आली त्या दिवशी ते जेवले नाहीत. "गाड्या करणारी माणसं विमानानं गेली! गाडीनं जायला ह्यांना काय धाड भरली होती? पहिलंच बटण आम्ही काढलं म्हणून सांगायचं, आणि स्वतःच्या गाडीवर एवढा भरवसा नाही?" दुसऱ्या खेपेला ते खरंच गाडीनं गेले. मामा म्हणाले, "सुधारतायत. पण आता माणसाच्या हातात राहिलेलं नाही." आणि त्यांनी कंपनीसाठी सत्यनारायण घालायचं ठरवलं.

"मामा, आधी तुमच्या फॅक्टरीचं बघा ना," माझी बायको मेधा काकुळतीला येऊन म्हणाली. "फॅक्टरीचं होईल, इन्शाल्ला," मामा म्हणाले. "शिऱ्याचा रवा किती लागेल ते सांग."

शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी पूजा झाली. चौरंगाला केळीचे खांब म्हणून बाजारातून आणलेली केळीची पानं बांधली होती, मागे तो देव्हारा, आणि त्या दिवशी मामांनी फळीवरची अक्षरं दिसतील असे देव बाजूला बसवले होते. गुरुजी आठवडाभर एका ऑफिसात अकाउंटंट आणि शुक्रवारी गुरुजी. शिस्तीचा माणूस. संकल्पाचं पाणी हातात घेऊन ते अडले. "पूजा कुणासाठी म्हणालात?" मामांनी सांगितलं. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "कंपनीचं गोत्र?"

"अमेरिकेतलं मी कसं सांगू?"

"गोत्र माहीत नसलं तर काश्यप धरतात," गुरुजी म्हणाले. हिशेबात न बसणारी रक्कम कुठेतरी बसवायची त्यांना सवय असावी. "काश्यप गोत्र घेऊ. आणि जन्मनक्षत्र?"

"ते राहू द्या. घोडागाड्यांच्या घराण्यातली आहे, एवढं देवाला पुरे."

"बरं. मग त्यातच तुमच्या नोकरीचं पण घालतो. फॅक्टरीत क्षेम, व्हिसा रिन्यू, वगैरे."

"नको," मामा म्हणाले. "एकच मागणी ठेवा. दोन घातल्या की देवाला वाटतं, ह्याचं एकावाचून चालण्यासारखं आहे."

"सहकुटुंब सहपरिवार तरी म्हणू द्या. ते ठरलेलंच असतं."

"ते म्हणा."

खोलीत तीसेक माणसं होती. कंपनीच्या गोत्रावर हसू दाबणारी, एकमेकांना कोपरानं ढोसणारी. पण पहिला अध्याय सुरू झाला तसं हसू ओसरलं. कदम त्याच्या वसाहतीतल्या चौघांना घेऊन आला होता आणि पाचही जण डोळे मिटून बसले होते. माझ्या शेजारी बसलेल्या बँकेतल्या जोशांना त्याच आठवड्यात साहेबांनी आत बोलावलं होतं. मीही डोळे मिटले. खोटं कशाला बोलू, अमेरिकेतली कंपनी माझ्या मनाच्या आसपासही नव्हती. माझी नोकरी राहू दे, मुलीची शाळा सुटायला नको, एवढंच मी पाचही अध्याय घोकत होतो, आणि खोलीतला प्रत्येक जण तेच करत होता. कंपनीच्या नावाखाली सगळ्यांनी आपापलं मागून घेतलं. खरोखर कंपनीसाठी मागणारा तिथे एकच माणूस होता. आरती झाल्यावर मामांनी शिऱ्याची एक वाटी खाली नेली आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून हात जोडले.

त्या हिवाळ्यात माणसं भराभर परत जाऊ लागली. ज्यांना मामांनी पुठ्ठा धरून आणलं होतं, तीच. मामांचा नियम कायम होता. पुढे टॅक्सी, मागे ती लांबलचक रिकामी गाडी, चढाशी दोन हॉर्न. आधी हे आठवलं की आम्ही पोट धरून हसायचो. आता आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा मामा त्या चढाशी थांबू लागले, आणि आमचं हसू कधी थांबलं ते कळलंही नाही. जोशी गेले त्या दिवशी मी मामांच्या शेजारी बसलो होतो. हॉर्न वाजवून झाल्यावर त्यांनी बराच वेळ गिअर टाकला नाही. "ह्याला आणलं तेव्हा पुलावर पाऊस होता," एवढंच म्हणाले.

उन्हाळ्यात कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. मामा दोन दिवस अंथरुणात होते. पण सरकारनं हात दिला आणि चाळीस दिवसांत कंपनी पुन्हा उभी राहिली. मामा पेढे घेऊन दारोदार फिरले. "चाळीस दिवस!" ते सांगत होते. "बाळंतीणसुद्धा सव्वा महिना घेते. काश्यप गोत्र लागू पडलं बघा." माझी नोकरी राहिली. कदमला फुजैराच्या तेलाच्या टाक्यांवर चांगलं काम मिळालं. पूजेला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं निभावलं. आणि पेढे वाटून संपायच्या आतच मामांची फॅक्टरी बंद झाली.

मला ते ऐकून संताप आला. देवाचा नव्हे, मामांचा आला. मी तडक त्यांच्या घरी गेलो. "गुरुजी म्हणत होते ना, तुमचंही घालतो म्हणून? एक वाक्य वाढवलं असतं तर काय बिघडलं असतं?" मामा देव्हाऱ्यातले देव कापसात गुंडाळत होते. "जावईबापू," ते म्हणाले, "शिवडीचा कारखाना बंद झाला तेव्हा आमच्या वडिलांनी काय मागितलं असेल? कंपनी चालू राहू दे, हेच ना? त्यांचं मागणं तेवढं राहिलं होतं. ते मी पुरं केलं. माझी तीस वर्षं इथे छान गेली. खलास." मग त्यांनी एक बाळकृष्ण माझ्या हातात दिला, "हा धरा जरा," म्हणाले, आणि नाक पुसलं. मी त्यांच्यावर आवाज चढवला याची मला आजही लाज वाटते.

गाडी भारतात नेता येण्यासारखी नव्हती. ती त्यांनी माझ्या नावावर केली. डब्याची सवय झालेल्या माणसाला ती कशी वळवायची ते आठवडाभर शिकवलं. निघायच्या दिवशी दुपारी मेधानं मामींना आणि बॅगांना टॅक्सीत बसवलं आणि स्वतःही त्यांच्याबरोबर बसली. देव्हारा मामांनी मांडीवर घ्यायचं ठरवलं होतं. तो घेऊन ते टॅक्सीकडे निघाले तेव्हा मी गाडीचं मागचं दार उघडून उभा राहिलो.

"अहो, नियम आहे," मामा म्हणाले.

"गाडी आता माझी आहे. बसा."

मामा उभेच राहिले. मग माझ्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं हजारो माणसांना मागे बसवणारा हा माणूस स्वतः कधी त्या सीटवर बसलेलाच नव्हता. ते हळूच वाकून आत शिरले, देव्हारा मांडीवर घेतला. मी बाहेरून दार लावलं. धप्प. काचेतून पाहिलं तर मामांनी डोळे मिटले होते. वडिलांसारखा आवाज ऐकत होते की आणखी काही, ते मी विचारलं नाही. पुलावर मी म्हणालो, "मामा, हँडल." ते म्हणाले, "तुम्ही हात काढू नका," आणि दोघंही हसलो.

चढ जवळ आला. माझा निश्चय तिथे डळमळला. ही गाडी ज्याला सोडते तो परत भेटत नाही, हे मला ठाऊक होतं. असलं काही मी मानत नाही, आणि तरी माझा पाय ॲक्सिलरेटरवर पडेना. आरशात मामांनी माझ्याकडे पाहिलं. "अरायव्हलला घ्या," ते म्हणाले. मी गाडी खाली घेतली. अरायव्हलच्या दारासमोर मी उतरून त्यांचं दार उघडलं. ते देव्हारा कवटाळून उतरले, बॉनेटवर एकदा हात ठेवला आणि आत शिरले. दारातून माणसांचा लोंढा बाहेर येत होता, ट्रॉल्या, पिशव्या, भेदरलेले चेहरे. आणि त्या सगळ्यांच्या उलट्या दिशेनं, छातीशी देव्हारा धरून, प्रत्येकाला "सॉरी हां, सॉरी" म्हणत मामा वाट काढत चालले होते. लिफ्टनं वर जाऊन मामींना गाठायला त्यांना वीस मिनिटं लागली, असं मेधा नंतर म्हणाली.

गाडी अजून माझ्याकडे आहे. पेट्रोल पिते, पार्किंगचा दंड भरावा लागतो, मुलगी तिच्यात बसायला लाजते. कुणी नवा माणूस येणार असं कळलं की मी पुठ्ठा घेऊन जातो, त्याला मागे बसवतो, आणि क्लॉक टॉवरपर्यंत घोडागाड्या संपवतो. मामांचा मुंबईहून महिन्याला फोन येतो. आता गुडघे गेले आहेत, व्हिजिटवरही येणं होईलसं वाटत नाही, पण ते स्वतः तसं म्हणत नाहीत आणि मीही म्हणत नाही. गाडीनं त्यांना अरायव्हलला पोचवलं आहे. तिच्या लेखी मामा आलेले आहेत, गेलेले नाहीत.